जुन्या दोन सेलच्या टॉर्चमध्ये दमदार एलईडी बसवताना

रब्बीत शेतीची लाईट रात्रीची आली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात टॉर्च. सरी भरली का, बांध कुठं फुटलाय का आणि पाऊल टाकतोय तिथं काही वेटोळं घालून बसलंय का, हे सगळं त्या एका उजेडावर. आमच्या घरात वडिलांचा दोन मोठ्या सेलचा पितळी टॉर्च आहे. अंग अजून ठणठणीत, पण बल्बचा उजेड पिवळा आणि मलूल. वाळल्या पाचटावर घोणस बसली असेल तर त्या उजेडात ती पाचटासारखीच दिसते. म्हणून मी त्यात एलईडी बसवला. पहिला प्रयत्न फसला. दुसरा टिकला आणि आज चार हंगाम झाले तरी चालू आहे. त्या दुसऱ्या प्रयत्नाची सगळी रीत इथे देतो.

आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. पण या लेखात गोंधळ नको म्हणून वस्तूला टॉर्च म्हणेन आणि आत घालतो त्याला सेल.

फसलेल्या प्रयत्नाचं आधी सांगतो, कारण त्यातच सगळं मर्म आहे. बाजारातून १ वॉटचा म्हणून एलईडी आणला, बल्बच्या जागी रिफ्लेक्टरच्या मागे गोंदानं चिकटवला आणि सरळ लिथियम सेलला जोडला. पहिल्या रात्री उजेड पाहून घरचे सगळे अंगणात आले. तिसऱ्या रात्री उजेड निळसर पडला आणि पाचव्या रात्री एलईडी मेला. त्याला वाट मिळाली नव्हती ती उष्णतेला, आणि लगाम नव्हता तो प्रवाहाला. चांगला एलईडी विकत मिळतो; या दोन गोष्टी मात्र आपल्याला स्वतःच्या हातानं कराव्या लागतात.

आधी आकडे समजून घ्या

दोन सेलच्या टॉर्चचा साधा बल्ब साधारण २.४ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे सव्वा वॉटच्या आसपास, आणि त्यातून उजेड मिळतो जेमतेम १० ते १५ लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). बाकी सगळी तारेची ऊब. पांढऱ्या पॉवर एलईडीला एक अँपिअर दिला तर तो सुमारे ३ वॉट घेतो आणि ३०० लुमेनच्या पुढे जातो. रिफ्लेक्टर आणि काचेत काही उजेड मुरला तरी बाहेर दोनअडीचशे लुमेन सहज पडतात.

पण एलईडीसुद्धा सगळ्या विजेचा उजेड करत नाही. त्या ३ वॉटपैकी निम्म्याहून जास्त उष्णताच होते. फरक एवढाच की तापलेली तार आपली उष्णता किरणांच्या रूपानं समोर फेकते, तर एलईडीची उष्णता त्याच्या पाठीत साठते. पाठीमागून ती ओढून घेतली नाही, तर काही मिलिमीटरच्या त्या चिपचं तापमान मिनिटा-दोन मिनिटांत झरझर चढतं. आधी उजेड घटतो, मग रंग बदलतो आणि शेवटी तो जातो.

दुसरी गोष्ट दाबाची. पांढऱ्या एलईडीला पेटायला २.८ ते ३.२ व्होल्ट लागतात. दोन नवे कोरडे सेल मिळून ३ व्होल्ट देतात आणि थोडे वापरले की अडीचवर येतात. म्हणजे जुन्याच सेलवर एलईडी थेट जोडला तर तो सुरुवातीला बरा पेटतो आणि लवकरच मिणमिणतो. यावर दोन उपाय आहेत. एक, दाब वाढवून देणारा बूस्ट ड्रायव्हर. दुसरा, ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल. मी दुसरा निवडला, आणि पुढची सगळी रीत त्याचीच आहे.

सोल्डरिंग येत नसेल तर

जुन्या बल्बच्याच बुडाचे तयार एलईडी बल्ब मिळतात: चकतीवाल्या बुडाचे आणि आट्यांच्या बुडाचे, दोन्ही. जुना बल्ब काढा, बूड बघा, तसाच मागा, आणि किती व्होल्टचा आहे हे त्यावर वाचूनच घ्या. दोन सेलच्या टॉर्चला ३ व्होल्टचा लागतो. हा बल्ब अर्ध्या ते एक वॉटच्या पुढे जात नाही, कारण त्या चिमुकल्या बुडातून उष्णता बाहेर जायला जागाच नाही. तरी जुन्या बल्बच्या काही पट उजेड मिळतो आणि सेल जास्त दिवस पुरतात. आजीच्या उशाशी ठेवायच्या टॉर्चला एवढं पुष्कळ आहे. मात्र ३ व्होल्टच्या अशा बल्बला लिथियम सेल लावू नका.

कोणता टॉर्च निवडावा

धातूचा. पितळ उष्णता चांगली वाहतं, अॅल्युमिनियम त्याहून चांगली. प्लॅस्टिक जवळजवळ वाहतच नाही. अॅल्युमिनियमच्या तुलनेत त्याची क्षमता हजारावा भाग समजा. प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये करायचंच असेल तर ३५० मिलिअँपिअरवर थांबा आणि आत अॅल्युमिनियमचा जाड गोळा बसवा.

भिंतीच्या प्लगमध्ये थेट खोचून चार्ज होणारे प्लॅस्टिकचे टॉर्च घराघरात आहेत. त्यांना पहिल्या प्रयोगासाठी हात लावू नका. स्वस्त टॉर्चमध्ये चार्जिंगची जोडणी ट्रान्सफॉर्मरशिवाय, कपॅसिटरवर असते. म्हणजे प्लगला लावलेला असताना आतला कुठलाही भाग २३० व्होल्टचा झटका देऊ शकतो. उघडायचाच असेल तर प्लगमधून काढून, थोडा वेळ थांबून.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे हे बहुतेक मिळतं. गावाकडून ऑनलाइन मागवलं तरी चालतं.

एलईडी: मी क्री कंपनीचा एक्सपी-जी२ घेतला. त्याच्याच एक्सएम-एल२ ची चिप मोठी असते. त्याच प्रवाहात तो थोडा जास्त उजेड देतो, पण झोत पसरट पडतो. मला शेताचं दुसरं टोक दिसायला हवं होतं म्हणून लहान चिपचा घेतला. घेताना सुटा घेऊ नका, १० मिमीच्या धातूच्या चकतीवर आधीच बसवलेला घ्या. दुकानदार त्या चकतीला स्टार किंवा एमसीपीसीबी म्हणतात. १६ आणि २० मिमीच्याही असतात, पण १० मिमीचीच का हे रिफ्लेक्टरपाशी कळेल.

रंग कोणता घ्यावा यावर माझं मत पक्कं आहे: ४००० ते ४५०० केल्विनचा, म्हणजे किंचित उबदार पांढरा. बाजारात ६५०० केल्विनचा निळसर पांढरा सर्रास देतात, कारण तो डोळ्यांना जास्त लख्ख वाटतो. पण त्यात माती, पाचट, वाळकं गवत हे तपकिरी रंग एकमेकांत मिसळून जातात. साप ओळखायचा तर तपकिरीतले फरकच दिसायला हवेत. थोडे लुमेन कमी मिळाले तरी मी हाच रंग घेईन.

ड्रायव्हर, म्हणजे प्रवाहाला लगाम घालणारा भाग: १७ मिमीची गोल पट्टी, तिच्यावर एएमसी ७१३५ नावाच्या तीन चिप. एक चिप साधारण ३५० मिलिअँपिअर सोडते, तीन मिळून १०५० च्या आसपास. चार, आठ चिपच्या पट्ट्याही मिळतात. मोह होईल, पण या टॉर्चला घेऊ नका. आणि एकच मोडचा, म्हणजे उजेडाचा एकच टप्पा असलेला, ड्रायव्हर मागा. अनेक मोडचा ड्रायव्हर क्षणभर वीज तुटली की पुढच्या मोडवर उडी मारतो. जुन्या सरकत्या बटणाचा संपर्क चालताना हलतो, आणि ऐन बांधावर टॉर्च लुकलुकायला लागतो.

सेल: १८६५०. नावातच माप आहे, १८ मिमी जाडी आणि ६५ मिमी लांबी. चांगल्या कंपनीचा, संरक्षण-पट्टी असलेला घ्या. ती पट्टी धरून लांबी ६८ ते ७० मिमी होते. आपल्या एक-मोडच्या ड्रायव्हरमध्ये सेल पार उतरण्याआधी तोडणारी सोय नसते, म्हणून हे संरक्षण सेलमध्येच हवं. खऱ्या सेलवर २५०० ते ३५०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं असतं. ६०००, ९९०० असे आकडे छापलेले सेल खोटे समजा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेलेही वापरू नका; त्यांचं आत काय झालंय हे बाहेरून दिसत नाही.

याशिवाय सेलचा चार्जर, उष्णता वाहणारी पेस्ट, उष्णता वाहणारा दोन नळ्यांचा चिकटा, २२ किंवा २४ गेजची सिलिकॉन किंवा टेफ्लॉन आवरणाची वायर, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप), ओएचपीची जुनी पारदर्शक शीट, लाईट फिटिंगचा २५ मिमी पीव्हीसी पाइप, २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. त्याच्याशिवाय हे काम करू नका.

पायरी १: उघडा आणि वीज कुठून जाते ते शोधा

डोकं फिरवून काढा. काच, रिफ्लेक्टर, बल्ब, बल्बची बैठक वेगळी करा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलवर फोटो काढा. रिफ्लेक्टरच्या आतल्या चकाकीला बोट लावू नका. धूळ असेल तर साध्या पाण्याची धार सोडून सावलीत वाळवा. फडक्यानं पुसलात तर मुलामा गेलाच.

आता वाट समजून घ्या. पुढच्या सेलचं टोपण, म्हणजे धन टोक, बल्बच्या बुडाला टेकतं. मागच्या सेलचं बूड झाकणाच्या स्प्रिंगला, स्प्रिंग झाकणाला, झाकण आट्यांमधून नळीला. म्हणजे टॉर्चचं सगळं अंग ऋण आहे. बटण सरकवलं की आतली एक पितळी पट्टी पुढे जाऊन रिफ्लेक्टरला किंवा बल्बच्या बैठकीला टेकते आणि वाट पुरी होते. जुन्या टॉर्चमध्ये बल्बचा प्रवाह असा रिफ्लेक्टरमधूनच जातो.

ही रचना नीट डोक्यात बसवा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. उष्णतेसाठी आपण जो धातूचा गोळा बसवणार तो नळीला घट्ट टेकणार, म्हणजे तो कायम ऋणाला जोडलेला असणार. ड्रायव्हरचं ऋण टोक त्या गोळ्याला लागलं तर बटणाची गरजच उरणार नाही. सेल घातला की टॉर्च पेटेल आणि बंदच होणार नाही. तयार ड्रायव्हरच्या कडेचं वर्तुळ ऋण असतं आणि छोट्या तयार टॉर्चमध्ये ते धातूला सोल्डर करतात. आपल्याला तसं करायचं नाही. आपल्या टॉर्चमध्ये ड्रायव्हरचं ऋण फक्त बटणाच्या पट्टीला जायला हवं.

पायरी २: लेथवरून गोळा करून घ्या

हे काम तालुक्याच्या कुठल्याही लेथवाल्याकडे होतं. अॅल्युमिनियमच्या दांडीचा तुकडा पुरतो. त्याला माप सांगून भागत नाही. टॉर्चची नळी, रिफ्लेक्टर आणि ड्रायव्हर सोबत घेऊन जा.

गोळ्याचा खालचा भाग नळीच्या तोंडात सरकत घट्ट बसेल एवढ्या व्यासाचा. मोठ्या सेलची जाडी साधारण ३४ मिमी, त्यामुळे नळीचा आतला व्यास ३४-३५ च्या आसपास निघेल, पण व्हर्नियरनं मोजूनच घ्या. लांबी १० ते १२ मिमी. वर नळीच्या तोंडापेक्षा किंचित रुंद कॉलर, म्हणजे गोळा आत घसरणार नाही. खालच्या बाजूला ड्रायव्हर बसेल असा साडेसतरा मिमी रुंद आणि ५ मिमी खोल खळगा. वरच्या बाजूला मधोमध १० मिमी जाडीचा खांब, त्यावर आपला एलईडी बसणार. खांबाच्या दोन्ही अंगांना वायरी उतरायला खाचा आणि खळग्यापर्यंत दोन आरपार भोकं. भोकांच्या कडा रेटून गोल करायला सांगा, नाहीतर वायरीचं आवरण कापलं जातं. शेवटची गोष्ट: बटणाची पितळी पट्टी जिथून सरकते तिथे गोळ्याची कड सपाट कापून घ्या, पट्टी आणि गोळा यांच्यात २ मिमी तरी मोकळी जागा राहू द्या.

खांब उंच का? तार असलेल्या बल्बचा उजेड सगळीकडे पसरतो आणि तार बुडाच्या चकतीपासून सुमारे ६ मिमी वर, रिफ्लेक्टरच्या नाभीबिंदूवर (फोकसवर) असते. एलईडी सपाट असतो, पुढच्या अर्ध्या गोलात उजेड टाकतो. तो रिफ्लेक्टरच्या मागे ठेवला तर झोत बनतच नाही, मधे काळं भोक आणि भोवती कडी दिसते. त्याला भोकातून वर, तारेच्या जागी न्यावं लागतं. बल्बसाठीचं भोक जेमतेम ११-१२ मिमीचं असतं, त्यातून १६ मिमीची चकती जाणार नाही. १० मिमीचीच का, ते आता कळलं असेल. भोक थोडं लहान पडत असेल तर गोल कानशीनं घासा, पण चकाकीला कानस लागू देऊ नका.

खांबाची उंची पहिल्यांदा २ मिमी जास्तच ठेवा. घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.

पायरी ३: वायरी आधी, चिकटवणं नंतर

चकतीवर धन-ऋण खुणा असतात. वायरी तिथे सोल्डर करा, पण चकती खांबावर चिकटवण्याआधी. एकदा ती अॅल्युमिनियमच्या गोळ्यावर बसली की गोळा इस्त्रीची सगळी उष्णता ओढून घेतो आणि २५ वॉटच्या इस्त्रीनं कथील वितळत नाही. चकती लाकडाच्या फळीवर ठेवून काम करा. एलईडीवरचा पारदर्शक घुमट सिलिकॉनचा, मऊ असतो. तो चिमट्यानं धरू नका, दाबू नका.

फक्त वायरी लावून खांबावर चकती नुसती पेस्टवर ठेवा. आता नाभीबिंदू शोधायचा आहे. वायरी तात्पुरत्या ड्रायव्हरला लावा आणि ड्रायव्हरला दोन नवे साधे पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, बाहेरून जोडा. एलईडी मंद पेटेल, तेवढाच हवा. रिफ्लेक्टर वरून घाला, तीनचार मीटरवरच्या भिंतीवर झोत पाडा आणि रिफ्लेक्टर वरखाली करून बघा. मधला ठिपका सगळ्यात लहान आणि सगळ्यात तेजस्वी होतो ती एलईडीची जागा. तेवढा खांब घासा. मला यात एक आख्खी संध्याकाळ लागली. पण टॉर्च चांगला झाला की नाही हे याच पायरीवर ठरतं, घाई करू नका.

रिफ्लेक्टरला न लागता सरळ पुढे गेलेला उजेड भोवती मंद पसरतो. तो वाया गेला असं समजू नका. झोत दूर असताना आपल्या पायापुढचं त्याच्यातच दिसतं.

जागा पक्की झाली की चकती उष्णता वाहणाऱ्या चिकट्यानं बसवा. थर कागदाइतका पातळ. साधा अॅराल्डाइट इथे चालत नाही. तो उष्णतेच्या बाबतीत प्लॅस्टिकच. आणि झटपट चिकटणारा फेविक्विकसारखा गोंद टॉर्चच्या डोक्यात कुठेच वापरू नका. त्याच्या वाफेनं एलईडीचा घुमट आणि रिफ्लेक्टर पांढुरके होतात. गोळा आणि नळी यांच्यामध्ये पेस्ट लावा, पण तीही पातळच. पेस्ट धातूपेक्षा कितीतरी पट मंद असते. ती फक्त हवेच्या फटी भरण्यापुरती.

पायरी ४: ड्रायव्हर आणि बटण

एलईडीच्या वायरी भोकांतून खाली आणून ड्रायव्हरला जोडा, धनाला धन, ऋणाला ऋण. ड्रायव्हरच्या मधल्या बिंदूला सेलसाठी छोटी स्प्रिंग सोल्डर करा. कडेच्या वर्तुळाला एक लवचिक वायर लावा. हीच बटणाकडे जाणार. मग ड्रायव्हरच्या कडेनं कॅप्टॉन टेपचे दोन वेढे आणि खळग्याच्या तळाशी ओएचपी शीटची चकती. ड्रायव्हर खळग्यात बसला की त्याचं कुठलंच टोक अॅल्युमिनियमला लागता कामा नये.

लवचिक वायरचं दुसरं टोक बटणाच्या पट्टीचं टोक जिथे टेकत होतं तिथे. माझ्या टॉर्चमध्ये बल्बच्या जुन्या बैठकीची पितळी कडी होती. ती मी खालून ओएचपी शीट घालून गोळ्यावर ठेवली आणि वायर तिला सोल्डर केली. बटण सरकलं की पट्टी कडीला टेकते. तुमच्यात अशी कडी नसेल तर वायर पट्टीलाच सोल्डर करा, पण मग पट्टी बटण बंद असताना नळीपासून सुटी असते का हे मल्टिमीटरनं बघा. पट्टीच्या आणि झाकणाच्या टेकणाऱ्या जागा बारीक पॉलिश पेपरनं घासून लख्ख करा. ०.२ ओहमचा गंज एक अँपिअरवर ०.२ व्होल्ट खातो.

रिफ्लेक्टरखाली, एलईडीभोवती ओएचपी शीटचं कडं घालायला विसरू नका. रिफ्लेक्टर अंगाला टेकलेला, म्हणजे ऋण. तो चकतीवरच्या एलईडीच्या ऋण बिंदूला टेकला तर ड्रायव्हर बाजूला पडून अमर्याद प्रवाह जातो. धन बिंदूला टेकला तर सेलच शॉर्ट होतो. प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरचा मुलामासुद्धा वीज वाहतो.

पायरी ५: सेलचं घर

दोन मोठे सेल मिळून १२३ मिमी लांब आणि आपला सेल ७० मिमी, शिवाय गोळ्यानं थोडी जागा घेतलेली. उरलेली जागा भरायला १६-१८ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा दांडा कापा. गोळा बसवल्यावर आतली लांबी काडी घालून मोजा, त्यातून सेल वजा करा आणि स्प्रिंग दबायला ४-५ मिमी सोडा.

दांडा नेहमी मागच्या बाजूला, सेलच्या बुडाला ठेवा. तिथे तो ऋणच असतो, नळीला लागला तरी काही होत नाही. पुढे ठेवलात तर तो धन होतो, आणि टॉर्च आपटला की शॉर्टची भीती.

सेल आणि दांडा मधोमध राहावा म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा. २५ मिमी पाइपमध्ये सेल थोडा सैल बसतो, पुठ्ठ्याचा एक वेढा घाला. पाइपवर बाहेरून इन्सुलेशन टेपचे दोन-तीन पट्टे गुंडाळून तो नळीत घट्ट करा. सेलच्या धन टोकावर पुठ्ठ्याची भोकाची चकती असतेच, ती आहे ना बघा. या सेलचं सगळं अंग खांद्यापर्यंत ऋण असतं आणि धन टोक त्याच्या मिलिमीटरभर अंतरावर.

पायरी ६: सेल घालण्याआधी

मल्टिमीटर बझरवर ठेवा. बटण बंद. ड्रायव्हरची स्प्रिंग ते टॉर्चचं अंग: आवाज येता कामा नये. एलईडीचा धन बिंदू ते अंग: नको. ऋण बिंदू ते अंग: नको. ड्रायव्हरचं कडेचं वर्तुळ ते अंग: नको. आता बटण चालू करा. फक्त शेवटच्या जोडीत आवाज यायला हवा, बाकी तिन्ही गप्प. एकाही ठिकाणी वेगळं झालं तर उघडा आणि शोधा.

सेल उलटा पडला तर जुन्या बल्बला फरक पडत नव्हता, या ड्रायव्हरच्या चिप मात्र जातात. झाकणाच्या आत कायम शाईनं मोठा ऋणाचा आडवा दांडा काढून ठेवा. अंधारात, गार बोटांनी सेल बदलताना त्याचाच उपयोग होतो.

झाकण न लावता, बटण चालू ठेवून, मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवा आणि सेलमागचा दांडा आणि नळीची कड यांच्यामध्ये जोडा. १ अँपिअरच्या आसपास आकडा दिसला की जमलं. ०.६-०.७ दिसला तर कुठेतरी संपर्क कच्चा आहे. दीडच्या वर गेला तर लगेच काढा, ड्रायव्हर कुठेतरी वळसा खातोय.

मग झाकण लावून टॉर्च दहा मिनिटं चालू ठेवा आणि मान हातात धरा. मान चांगली कोमट व्हायला हवी. इथे लोक उलटं समजतात. बाहेरून गार राहिला म्हणजे छान झालं असं नाही; बाहेर गार म्हणजे उष्णता आत अडकली. तसं झालं तर गोळा सैल आहे किंवा चकतीखालचा थर जाड आहे. पुन्हा उघडा.

समोर कुणी असताना हा झोत डोळ्यांवर टाकू नका, आणि मुलांना तर बजावूनच ठेवा. चाचणी नेहमी भिंतीवर.

वापरताना

३००० एमएएचचा सेल एक अँपिअरवर पावणेतीन तासांच्या आसपास पुरतो. सेल सव्वातीन व्होल्टच्या खाली आला की उजेड हळूहळू उतरू लागतो. ही आपली सूचना. तेव्हा घरी निघा किंवा दुसरा सेल घाला. दुसरा सेल खिशात सुटा ठेवू नका. किल्ल्या आणि नाण्यांना लागून तो शॉर्ट होतो. प्लॅस्टिकची डबी करा.

रात्रभर पाणी द्यायचं असेल तर एकाच चिपचा, ३५० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर लावा. उजेड सव्वाशे लुमेनच्या घरात, आणि वेळ आठ तास. गंमत म्हणजे उजेड निम्म्याहून कमी झाला तरी डोळ्याला तो एवढा कमी वाटत नाही. मी वडिलांसाठी दुसरा टॉर्च केला तो असाच केला, आणि ते म्हणतात हाच बरा.

चार्जिंगला सेल काढून चार्जरमध्ये लावा, कोरड्या फरशीवर, गादी-गोधडीपासून लांब, आणि आपण जागे असताना. सेलचं आवरण फाटलं, तो फुगला किंवा ओला झाला तर त्याला पुन्हा चार्ज करू नका. कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या डिकीत टॉर्च ठेवून जाऊ नका.

पावसाळ्याआधी झाकणाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा आणि काचेखाली रबरी कडं घाला. नळदुरुस्तीच्या दुकानात त्या मापाचं मिळतं. बटणातून पाणी जातंच, म्हणून भर पावसात वापरून आल्यावर सेल काढा आणि टॉर्च उघडा करून रात्रभर चुलीपासून हातभर लांब ठेवा. आमच्या टॉर्चच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची जागा आहे. तिथे आता मी सिलिका जेलची पुडी ठेवतो, आणि दर पंधरा दिवसांनी ती उन्हात टाकतो.